मागचा टेकू

"अजून वर घे. अजून. हां, ऱ्हव."

मी जॅकचा दांडा सोडला. बोट ट्रेलरपासून वीतभर उचलली गेली होती. आम्ही तिच्या पोटाखाली वाळूची पोती रचली, त्यांवर माडाचा एक ओंडका आडवा ठेवला आणि जॅक थोडा उतरवून वजन ओंडक्यावर घेतलं. ओंडका करकरला, पण हलला नाही. उंडीच्या झाडाची सावली होती, तरी मे महिना होता. आबांचं बनियन घामाने पाठीला चिकटलं होतं.

"आता ह्यो तुझो टेलर जाग्यार घालूया," ते म्हणाले.

"ट्रेलर, आबा."

"ताच तर म्हणतंय. टेलर. दिवसभर मापां घेता, पन एक पोलको शिवान दिल्यान नाय."

तीन महिन्यांत आबांनी केलेला हा पहिला विनोद. मी हसले. पडवीत नमिता तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

फेब्रुवारीत माझा धाकटा भाऊ दिगंबर याच बोटीतून पडून गेला. नमिता त्याची बायको. पर्यटकांना पलीकडच्या काठाला सोडून तो दुपारी एकटाच परत येत होता. वारा नव्हता, खाडीच्या तोंडाशी पाणी सपाट होतं. किनाऱ्यावर जाळी सांधत बसलेल्यांनी पाहिलं की बोट सरळ आणि वेगात येत होती, आणि एकाएकी तिने तोंड फिरवलं, कोणी नाकाला धरून ओढावं तशी. दिगू बाहेर फेकला गेला. त्याचं डोकं बोटीच्या काठावर आपटलं. माणसं पोचली तेव्हा उशीर झाला होता.

बोटीत दारूची अर्धी बाटली सापडली. ती पर्यटकांची असू शकत होती. पण दिगू पूर्वी पीत असे, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून दारू सोडली, हेही ठाऊक होतं. त्यामुळे लोक नुसतं 'पियालेलो' म्हणून थांबत नव्हते. 'देवाक फसवल्यान, देवान दाखवल्यान,' असं म्हणत होते. रक्ताच्या तपासणीचा अहवाल यायचा होता, तो आलेला नव्हता.

आबा रोज संध्याकाळी जेटीवर जाऊन एकेकाला मुलाबद्दल सांगत, "माझो झील पियालेलो नाय." लोक मान हलवत आणि दुसरा विषय काढत. नमिता काहीच बोलत नसे. नवऱ्याबद्दल बोलायची वेळ आलीच तर ती 'तो माणूस' म्हणे.

मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. सुट्टी लागली तशी घरी आले, तर बोट द्यायचं ठरलं होतं. पास्कू फर्नांडिस हा दिगूचा शाळेपासूनचा मित्र. मालवणला त्याच्या दोन बोटी पर्यटकांना घेऊन फिरायच्या, ही तिसरी होणार होती. संध्याकाळी तो जीप घेऊन येणार होता. फोनवर त्याने मला बजावलं होतं, "ताई, रस्तो खड्ड्यांचो आसा. बोट टेलरार तू स्वता बसव. तू फिजिक्स शिकवतंस. तात्या शिकवतत फक्त शिव्यो." आबांना सगळी वाडी लवूतात्या म्हणे.

काम तसं सोपं होतं. ट्रेलरवर बोट दोन ठिकाणी टेकते. मधोमध रबरी रोलर असतात, त्यांवर तिचा कणा येतो. लाकडी होडीत त्याला पठाण म्हणतात, आबा फायबरच्या बोटीतही पठाणच म्हणत. आणि दोन्ही बाजूंना दोन लांब फळ्या असतात, जुनी सतरंजी गुंडाळलेल्या. त्यांनी तळाला शेवटपर्यंत सारखा आधार द्यायला हवा, कारण इंजिन बोटीच्या अगदी मागच्या टोकाला लटकतं. मी वाकून पाहिलं. फळ्या मागच्या टोकाच्या हातभर आधीच संपत होत्या.

"आबा, ह्यो फळयो इतक्यो फुडे कोणी सरकवल्यान?"

"मी. गेल्या पावसात." ते बोल्टवर रॉकेल सोडत होते. "दिगून बोट वर काढल्यान आणि गेलो गोव्याक कामाक. मी एक दिवस झापां वर करून बघलंय तर मागे सतरंजी भिजान तळाक चिकटलेली. तशीच ऱ्हवली तर कुजतली नाय? म्हणान फुडे घेतलंय."

"ह्यी फायबर. ही कुजणा नाय."

"बोट ती बोट गो. पठाणार बसवची आणि शेपटी मोकळी सोडची, वारो खाऊक. चाळीस वर्सां ह्याच केलंय. ह्या वाडीतली एक होडी कोणाची कुजाक दिलंय नाय."

ते खरं होतं. पावसाळ्याआधी होड्या वर काढायच्या झाल्या की वाडीत पहिली हाक आबांना पडे. ओंडे कुठे घालायचे, टेकू किती तिरके द्यायचे, वर माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं कशी शाकारायची, हे लवूतात्यांनी येऊन सांगायचं आणि मग बाकीच्यांनी ओढायचं. आपल्या होडीचा मालकही त्या वेळी त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे.

बोल्ट सुटले. आम्ही दोन्ही फळ्या मागे सरकवल्या. आवळण्याआधी तळ आणि फळी नीट जुळतात का ते पाहायला हवं होतं. त्यासाठी आबांनी एक रंधलेली सागाची फळी काढून ठेवली होती. मी ती घेऊन बोटीखाली उताणी सरकले आणि तळाला लांबीच्या दिशेने दाबून धरली.

पुढे फळी टेकली. मागे टेकली. मध्ये टेकली नाही. फटीतून पलीकडचं ऊन दिसत होतं.

मी फटीत करंगळी घातली. आरपार गेली. मग मी फळी उलटी केली. फळीच वाकलेली असेल तर उलटल्यावर फट मध्याऐवजी टोकांना दिसते. फट मध्येच राहिली. सरकत दुसऱ्या बाजूला गेले. तिथेही तसंच.

जिथे फट सर्वांत जास्त होती, तिथेच तळावर सतरंजीच्या विणीचा ठसा संपत होता. म्हणजे जुनी फळी तिथे संपत होती. त्या ठशाला लागून केसासारख्या बारीक भेगा होत्या, सगळ्या आडव्या. मी नखाने एक भेग खरवडली. नखात हिरवट काळी भुकटी आली. मी ती बोटांनी चोळून पाहिली, वास घेतला. वाळलेलं शेवाळ होतं.

फेब्रुवारीत बोट किनाऱ्याला आणली ती त्याच दिवशी पाण्याबाहेर काढली होती. त्यानंतर ती पाण्यात गेलेली नव्हती. एका दुपारीत भेगेच्या आत शेवाळ वाढत नाही. या भेगा अपघाताच्या आधीच्या होत्या. तळ आधी वाकला होता.

वेगात असताना अशा बोटीचं नाक जरा वर उचललेलं असावं लागतं. तळाचं मागचं टोक खाली वाकलेलं असेल तर पाणी त्या टोकाला वर रेटतं आणि नाक खाली दाबलं जातं. वेग वाढेल तसं जास्तच. नाक पाण्यात रुतलं की मग बोट चालवणाऱ्याची राहत नाही. हात थोडा जरी इकडेतिकडे झाला तरी ती नाकावर गर्रकन फिरते.

मी तिथेच पडून राहिले.

"काय गो? निजलंस?" आबांचा आवाज आला.

"नाय."

"बसता फळी?"

"फळी जरा वाकडी आसा."

"माझी फळी?" ते गुडघ्यांवर आले, मग पोटावर, आणि माझ्या शेजारी आत सरकले. माझ्या हातातली फळी घेऊन त्यांनी तळाला लावली, डोळा बारीक करून पाहिलं. उलटवली. पुन्हा पाहिलं. हे उलटवून पाहणं मी लहानपणी त्यांच्याकडूनच शिकले होते, आणि तरी मला वाटलं होतं की ते उलटवणार नाहीत.

"फळी सरळ आसा," ते म्हणाले. "तळ वाकलो."

"आपटल्यान आसात. त्या दिवशी," मी म्हटलं.

त्यांनी तळहात तळावरून पुढे नेला, मागे आणला, पुन्हा पुढे नेला. होडीवरून हात फिरवताना ते नेहमी डोळे मिटून घेत.

"बाये, एक सांग. तळ असो वाकलो तर बोट वळात? आपल्याआपण?"

त्यांनी विचारलं त्याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते तोंडातून निघून गेलं. "वळात. वेगात आसली तर."

आबा इतक्या घाईने बाहेर निघाले की त्यांचं डोकं ट्रेलरच्या लोखंडावर आपटलं. त्यांना ते कळलंही नाही.

"नमिता! अगो भायर ये. टाक ते तांदूळ. नमिता!"

मी बाहेर आले तेव्हा नमिता सूप हातात घेऊनच अंगणात उतरली होती. आबांच्या कपाळावर खरचटलं होतं आणि ते हसत होते. दिगू गेल्यापासून त्यांचे दात मी पाहिले नव्हते.

"सांग तिका," ते मला म्हणाले. "तू सांग. माझा कोण आयकणा नाय. तू शिकलेला चेडू. बोट वाकडी आसा म्हणान सांग तिका."

"बोटीचा तळ वाकलोहा," मी म्हटलं. "मागच्या बाजूक."

"आणि तेच्यान बोट वळता. वेगात आसली की वळता. ह्या पन सांग!"

नमिताने सूप खाली ठेवलं. तिच्याइतका सरळ प्रश्न विचारणारं माणूस मला पुढेही फारसं भेटलं नाही.

"ताई, वाकली म्हणान वळली, काय वळली म्हणान वाकली?"

वर्गात कोणी हा प्रश्न विचारला असता तर मी त्याला उभं करून शाबासकी दिली असती. इथे मी बोटांवरची शेवाळाची भुकटी पुसत राहिले. वळली म्हणून वाकली म्हटलं असतं तर दिगू लोकांच्या लेखी आणि नमिताच्या लेखी प्यालेलाच राहणार होता. वाकली म्हणून वळली म्हटलं तर पुढचा प्रश्न येणारच होता, आणि त्याचं उत्तर कपाळावर रक्त घेऊन माझ्यासमोर हसत उभं होतं.

"अगो बोल!" आबा म्हणाले. "वाकली म्हणान वळली. दुसरा काय आसतला?"

नमिता माझ्याकडेच पाहत होती. मग तिची नजर बोटीकडे गेली.

"दिवाळीपासून सांगी होते," ती हळूच म्हणाली. "'बोट नाक खाली घालता,' म्हणी होते. 'पूर्वी अशी नव्हती.' मी म्हटलंय, बोटीक कित्याक बोल लावतास."

'सांगी होते.' तीन महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्याविषयी असं आदराने बोलली होती.

"वाकली म्हणान वळली," मी म्हटलं.

आबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! बघलंस? माझो दिगू! देवाक फसवूचो नाय तो, माका ठावक होता. आता जातंय जेटीर. एकेकाक कानाक धरून हाडतंय हंय आणि दाखवतंय." ते खांद्यावर टॉवेल टाकून निघालेही. अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत पोचले.

"पन वाकली कशान?" नमिताने विचारलं.

"कशान म्हणजे? वाकडीच विकल्यानी आसतली." ते वळले. "काय गो?"

मला एवढंच करायचं होतं. 'होय' म्हणायचं होतं. ज्यांनी बोट बांधली ते लोक आमच्या ओळखीचे नव्हते, त्यांचं काही बिघडणार नव्हतं. मी तोंड उघडलंही असेल. पण माझे डोळे ट्रेलरच्या लोखंडाकडे गेले. तिथे मागच्या टोकाला, आम्ही सैल सोडलेल्या फळ्यांच्या लोखंडी खुरांच्या जरा मागे, दोन चौकोन चमकत होते. दिगूने फळ्यांचे खूर पहिल्यांदा तिथे बसवले होते, म्हणून तेवढाच रंग गंजला नव्हता.

आबांनी माझ्या डोळ्यांच्या दिशेने पाहिलं.

ते गडग्यापासून परत आले. ट्रेलरजवळ उकिडवे बसले. चमकणाऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग, दुपारी आम्ही सोडवले ते बोल्ट जिथे होते, त्या गंजलेल्या भोकांवर दुसरं बोट ठेवलं. दोन हातांमध्ये हातभर अंतर होतं.

"इंजिन वर होता," ते म्हणाले. "पावसाभर. मी म्हटलंय, कशाक काढा, झापां तर घातलीहत."

त्यांनी बोटीच्या मागच्या टोकाकडे वर पाहिलं.

"किती वजन गो तेचा?"

"आबा, सोडा."

"किती?"

"तुमच्यापरास जास्त."

त्यांनी मान हलवली. होड्या बसवताना कोणी ओंड्याची लांबी सांगितली की ते अशीच मान हलवत. "म्हणजे मीच बसलंय म्हण शेपटार. चार म्हयने. आणि खाली काय नाय."

"तुमका काय म्हायत होता? तुमच्या होडयेर ह्याच बरोबर होता. फायबर कधी तुमी..."

"फोन होतो," आबा म्हणाले. "गोव्याक फोन लागता. दिगूक इचारूचा होता, सरकवू काय म्हणान. मी काय तेका इचारतलंय? मी?"

त्या 'मी' मध्ये चाळीस वर्षं होती. मी त्यांच्या खांद्याला हात लावायला गेले तेव्हा त्यांनी तो हळूच बाजूला केला आणि नमिताकडे पाहिलं. तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, सूप फेकून मारावं, याची ते वाट पाहत होते असं मला वाटलं.

नमिता अंगणातच बसली. तांदळांवर कोंबडी आली होती, तिला तिने हाकललं नाही.

"त्या दिवशी सकाळी मी तेंच्या तोंडाचो वास घेतलंय," ती म्हणाली. "दारात उभे करून. रोजच घेय. हसत होते. म्हणाले, 'घे, पोलिसिणी, घे.' चायेचो वास होतो." तिने सुपातले तांदूळ मुठीत धरले. "माझ्या नाकान घेतलेलो वास. आणि मागसून लोकांचा ऐकलंय."

मग ती रडली. तीन महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आबा तिथेच ट्रेलरला टेकून बसून राहिले. दोघांमध्ये चार पावलांचं अंगण होतं आणि मला त्यातल्या कोणाकडेही जाता येईना.

ऊन उतरल्यावर वाटेवर हॉर्न वाजला. पास्कू लांबूनच ओरडत आला.

"ओ तात्या! नवरी नटली काय? वरात घेवन इलंय!" मग त्याने आम्हाला पाहिलं आणि टोपी काढली. "काय झाला?"

आबांनी त्याला सगळं सांगितलं. न थांबता, एकही गोष्ट न गाळता, सतरंजीपासून इंजिनापर्यंत. पास्कू बोटीखाली गेला, बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याने छातीवर क्रूस केला.

"ह्यी बोट तुका मिळाची नाय," आबा म्हणाले. "कोणाकच मिळाची नाय."

"नको माका. तात्या, माझा आयका." तो त्यांच्यासमोर बसला. "उद्या माणूस धाडतंय, बोट कापून टाकूया. तळ फुटलेलो म्हणान सांगतलंव. आमी चौघां सोडून कोणाक कळूचा नाय. तुमी वाडीत तोंड दाखवतलास कसा? होडयेक हात लावूक देतीत कोण?"

"आणि दिगू?"

"दिगू गेलो, तात्या. तेका आता काय. लोक इसरतले."

"लोक इसरतले," आबा म्हणाले. "म्हणजे पियालेलो म्हणानच इसरतले."

पास्कूने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या बाजूची होते, आणि ते त्याला दिसलं असावं. "ताई, तू सांग तेंका."

मी म्हटलं, "आबा, घरात कळला तेवढा पुरे. नमिताक कळला."

"नमिताक कळला," त्यांनी मान्य केलं. "पन तेणा नारळ खंय ठेवलेलो? घरात?"

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. आमच्याकडे सोमवारी देवाला गाऱ्हाणं घालतात. ते मनातल्या मनात घालायचं नसतं. सगळ्यांसमोर, मोठ्याने घालायचं असतं. ज्याचं गाऱ्हाणं असेल तो हात जोडून गप्प उभा राहतो. गुरव त्याच्या वतीने एकेक वाक्य म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. शेवटी 'काय चुकलामाकला आसात ता पदरात घे' असं येतं. त्यालाही सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लहानपणापासून मी ते ऐकत आले होते. काय चुकलं ते तिथे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

सकाळी देवळात नेहमीइतकीच माणसं होती. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. गुरव नारळ घेऊन पुढे झाला तेव्हा ते म्हणाले, "आज मी सोता बोलतंय." गुरवाने जरा थांबून नारळ त्यांच्या हातात दिला.

"बा देवा म्हाराजा," आबांनी सुरुवात केली. आवाज होड्या ओढतानाचा होता, लांबवर जाणारा. "ह्यो तुझो लवू आज तुझ्या पायरेर इलोहा."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या झिलान, दिगंबरान, तुझ्याफुडे नारळ ठेवन दारू सोडलेली."

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज जरा कमी होता. लोक एकमेकांकडे पाहू लागले होते.

"तो शब्द तेणा मोडूक नाय. मरासर मोडूक नाय. तो पियालेलो नव्हतो."

दोनचार जणच पुटपुटले. माझ्या मागे कोणीतरी "बिचारो" असं म्हटलं.

"तेची बोट वाकडी झालेली. ती मी वाकडी केलंय. बोटीचो मागचो टेकू मी काढलंय, तेका न इचारता, माझ्या शानपणान. इंजिनाच्या वजनान तळ वाकलो, आणि तेच्यान माझो झील गेलो. बोट कोणीय येवन बघूक व्हयी, माझ्या अंगणात आसा. देवा म्हाराजा, चुकलामाकला नाय. चुकला. ता मी केलंय."

ते थांबले. 'व्हय म्हाराजा' म्हणायची जागा होती.

कोणी म्हटलं नाही. ज्यांच्या होड्या त्यांनी दर वर्षी बसवल्या ती माणसं तिथे होती. काही खाली पाहत होती, काही देवाकडे. व्हय म्हणावं तर त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर त्याने मुलगा मारला असं म्हणणं झालं असतं. न म्हणावं तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. आबा हातात नारळ धरून उभे होते. गुरव काहीतरी बोलायला पुढे झाला आणि थांबला. मीही गप्पच होते.

"व्हय म्हाराजा."

बायकांच्या बाजूने आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. नमिता खांबाला हात धरून उभी होती, पदर डोक्यावर, कोणाकडेही न पाहता. तिच्यामागून आणखी कोणी बोललं नाही. गुरवाने आबांच्या हातातून नारळ घेतला आणि फोडला.

त्या मेअखेरीला होड्या वर काढल्या गेल्या तेव्हा आबांना कोणी हाक मारली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. रक्ताचा अहवाल दीड वर्षाने आला. त्यात काही निघालं नव्हतं. तोवर वाडीत कोणी दिगूला दारुडा म्हणत नव्हतं, त्यामुळे अहवालाची बातमीही झाली नाही. आबा आणखी नऊ वर्षं जगले. नमिता माहेरी गेली नाही. तिने त्यांना रोज दोन्ही वेळचं वाढलं, आजारपणात त्यांचं सगळं केलं. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत, तेही मी घरी असले तर माझ्यामार्फत. तिने त्यांना माफ केलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती तेवढंच सरळ उत्तर देईल, याची मला भीती वाटत असावी.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी देवळातून आम्ही तिघं घरी निघालो. वाट मळ्यामधून जाते, एका वेळी एकच माणूस चालू शकतं इतकी अरुंद. पुढे नमिता होती, मग बरंच अंतर, मग आबा, आणि मागे मी. चढणीला आबांना दम लागला. ते थांबले आणि गडग्यावर हात ठेवून उभे राहिले.

पुढे नमिताही थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही. उन्हात पाठमोरी, पदर सावरत उभी राहिली. आबांची पावलं पुन्हा वाजू लागली, तशी ती चालू लागली.